उमाळे सरांचं रजिस्टर

सातपुड्याच्या पायथ्याशी मुष्टियुद्धाची जी ज्योत उमाळे सरांनी पेटवली, ती पंचवीस वर्षं अखंड तेवते आहे आणि सत्य हेच तिचं तेल आहे.

हे वाक्य आमच्या स्पर्धेच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेच्या पहिल्या पानावर आहे. ते मीच लिहिलं असल्यामुळे त्याबद्दल बोलायचा मला अधिकार आहे. 'अखंड'मध्ये साथीची दोन वर्षं धरली आहेत, जेव्हा सगळे घरात होते. आणखी एक वर्ष धरलं आहे, जेव्हा मैदानावर अध्यक्षांच्या पुतणीचं लग्न होतं. 'ज्योत' हा शब्द अध्यक्षांच्या आग्रहाचा. तेलाचं मात्र मी स्वतःहून लिहिलं होतं आणि त्यापुढे त्याचा खुलासा करणारी दोन पानं होती. ती जागेअभावी गळली. त्या जागेवर अध्यक्षांचा घोड्यावर बसलेला फोटो आहे.

उमाळे सर वरवट बकालच्या शाळेत शारीरिक शिक्षण शिकवायचे. उंची बेताची, अंगकाठी अशी की प्रार्थनेच्या वेळी वारा सुटला तर पुढच्या रांगेतली मुलं काळजीनं त्यांच्याकडे बघत. पांढरी पॅंट, पांढरे कॅनव्हासचे बूट, बुटांना रोज खडूची पूड. गळ्यात शिट्टी, ती लग्नाच्या पंगतीतही असायची. त्यांनी आयुष्यात कुणालाही ठोसा मारला नव्हता. मुष्टियुद्धाकडे ते वळले ते एसटीमुळे. नागपूरला क्रीडाशिक्षकांचं शिबिर होतं आणि तिथे प्रत्येकानं एकेका खेळाचं नियमपुस्तक उचलायचं होतं. सरांची गाडी वाटेत बंद पडली. ते पोचेपर्यंत कबड्डी, खोखो, व्हॉलीबॉल सगळं गेलं होतं. टेबलावर मुष्टियुद्ध उरलं होतं.

ते पुस्तक इंग्रजी होतं. सरांनी शब्दकोश घेऊन ते वर्षभर वाचलं, त्याला खाकी कव्हर घातलं आणि नंतर उभा जन्म त्यातच काढला. शाळेत काहीही झालं, नळाचं पाणी गेलं, मुख्याध्यापक रागावले, कुणाचं लग्न मोडलं, तरी त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "पुस्तकात बसते काय पाहा बे." बहुतेक गोष्टी बसत नसत, आणि सर त्यांना सोडून देत.

त्याच शाळेत मी मराठी शिकवायचो. माझं अक्षर बरं होतं, म्हणून प्रमाणपत्रांवर नावं आणि वजनगट मी घालायचो. शिवाय माझ्याकडे सेकंदकाटा असलेलं घड्याळ होतं, म्हणून फेरी संपली की झाडाला टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर हातोडी मारायचंही काम माझंच. स्पर्धेच्या इतिहासात माझा वाटा एवढाच, अक्षर आणि घंटा.

पहिल्या वर्षी आजूबाजूच्या गावांतून जे आले ते सगळे कुस्तीगीर होते, कारण तेवढेच उपलब्ध होते. हातमोज्यांचे दोनच जोड होते. एक लढत संपली की ते ओलेगच्च मोजे पुढच्या दोघांच्या हातात चढायचे. पहिल्याच लढतीत दोन्ही गड्यांनी क्षणभर मोज्यांकडे पाहिलं आणि एकमेकांची कंबर धरली. सर शिट्टी फुंकत धावले.

"अबे सोड त्याले! हे कुस्ती नोहे!"

"मंग मोजे काढू काय सर?"

"मोजे नको काढू! मार त्याले!"

"काऊन मारू? मावसभाऊ हाय माहा."

प्रेक्षकांतून कुणी ओरडलं, "पाड ना बे त्याले, चीत कर!" आणि मावसभावानं चीत केलं. सरांनी पुस्तक उघडून पाहिलं. चीत करण्याबद्दल त्यात काही नव्हतं. लढत रद्द झाली, पण विजेत्याला लोकांनी खांद्यावर घेऊन गावातून फिरवलं. सर त्या मिरवणुकीत शेवटपर्यंत शिट्टी वाजवत होते.

खेळ असा कच्चा असला, तरी एका बाबतीत सर कुणालाच सूट देत नसत. ते म्हणजे वजन. पुस्तकात वजनगटांची अकरा पानं होती आणि ती त्यांना पाठ होती. वजन व्हायचं कापूस खरेदीच्या शेडमध्ये. शेड अध्यक्षांच्या घरची होती. तेव्हा अध्यक्ष होते भैयासाहेबांचे वडील, आता स्वतः भैयासाहेब आहेत. शेडमध्ये लोखंडी फळीचा मोठा काटा होता, ज्याच्यावर हंगामात कापसाची पोती चढत. त्या काट्यावर सत्ता होती सोपान मापाऱ्याची. पोती मोजून आकडा पुकारणं हा त्याचा पिढीजात धंदा. काट्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्याला चालत नसे. "त्याले परक्या हाताची सवय नाही, सर," तो म्हणायचा. सरांना हे पटायचं. आपल्या कामाचं पुस्तक पाठ असलेला माणूस त्यांना आवडायचा.

वजनाचा विधी असा होता. चड्डीवरचा गडी फळीवर उभा राहायचा, छाती पुढे, हनुवटी वर, नजर टिनाच्या छताकडे. हा नियम सरांचा स्वतःचा होता. खाली वाकून पाहिलं की वजन बदलतं, असं त्यांचं मत होतं. सोपानभाऊ दांडीवरचं लोखंड सरकवायचा, वाकून बघायचा, क्षणभर त्याचे ओठ हलायचे, आणि मग शेडभर ऐकू जाईल असा आकडा पुकारायचा. सर तो रजिस्टरमध्ये लिहायचे आणि म्हणायचे, "माणूस खोटं बोलते, काटा नाही बोलत." क्षणभर ओठांत काय चालतं, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

सातव्या वर्षी गजानन आला.

गजाननच्या घरी भाजीपाल्याचा मळा होता. पोरगा वीस वर्षांचा, अबोल, हात लांब. त्याला मावसभाऊ नव्हते की काय कोण जाणे, पण तो खरंच ठोसे मारायचा. चोपन्न किलोच्या गटात त्यानं सगळ्यांना हरवलं, पुढच्या वर्षीही हरवलं, आणि सरांच्या डोक्यात पहिल्यांदा आलं की आपला गडी बाहेर न्यावा. तोवर आमच्या स्पर्धेतून कुणी तालुक्याबाहेर गेलेलं नव्हतं. विभागाच्या ठिकाणी राज्याच्या संघासाठी निवड होती. निवड झाली असती तर पुढे पोलिसात खेळाडूंच्या जागेवर लागायची आशा होती. गजाननच्या आईनं मारुतीला नारळ बोलला. सरांनी गजाननला महिनाभर स्वतःच्या घरी जेवायला ठेवलं. भाकरी मोजून, डाळ मोजून. निघायच्या आदल्या दिवशी शेडमध्ये वजन झालं. सोपानभाऊनं पुकारलं, "साडेत्रेपन्न!" अर्धा किलो हातात होता. चोपन्नच्या गटाची प्रवेशिका मी भरली. अक्षर चांगलं आलं होतं.

तिथला काटा आकडे दाखवणारा होता. गजानन त्यावर हनुवटी वर करून उभा राहिला. आकडा आला पंचावन्न पूर्णांक सहा.

पंचांनी तासभर दिला. गजाननला दोन स्वेटर घालून भर उन्हात मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. तो धावला, दोरीवरच्या उड्या मारल्या, थुंकला. पंचावन्नच्या खाली काटा काही आला नाही. गट बदलून मागितला तर प्रवेशिकेत चोपन्न लिहिलेलं, आणि तेही स्वच्छ अक्षरात.

"काय खाल्लं बे?" सरांनी विचारलं. आजूबाजूला पाच जिल्ह्यांचे खेळाडू, त्यांचे शिक्षक, आमच्याच तालुक्यातले दोघंतिघं.

"काई नाही खाल्लं, सर."

"खरं सांग."

"आईची शपथ, सर. पानी बी नाही पेलो."

"काटा खोटं बोलत नाही," सर म्हणाले. "तू बोलून राह्यला." आणि त्यांनी त्याच्या कानाखाली मारली.

उमाळे सरांनी आयुष्यात मारलेला हा एकमेव फटका. उघड्या हाताचा होता. पुस्तकात तो बसत नाही.

परतीच्या एसटीत गजानन सगळ्यात मागे बसला, सर ड्रायव्हरच्या मागे. मी मध्ये. वरवट बकालला गजानन उतरला तो मागे न बघता. दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाला मोज्यांचा जोड लटकत होता, धुऊन वाळवलेला. सरांनी रजिस्टरमध्ये लिहिलं, 'वजन ५५.६. अपात्र. आहारात बेशिस्त.'

गावाला एवढं पुरलं. गजाननानं निवडीच्या सकाळी वरण-बट्टी हाणली, असं आधी कुणी म्हटलं, मग किती बट्ट्या यावर वाद झाला. शेवटी त्याचं नावच बट्टी पडलं. लग्नपत्रिकेत गजानन होतं, बाकी सगळीकडे बट्टी. पुढे तो जळगाव जामोदच्या आठवडी बाजारात भाजी घेऊन बसायला लागला, तर गिऱ्हाइकंही विचारायची, "बट्टी, गोबी कशी देल्ली?" आणि तो भाव सांगायचा. सर बाजारात त्याच्या बाजूनं कधी जात नसत. वळसा घालून, गुरांच्या बाजूनं जात. उमाळे काकू मात्र भाजी त्याच्याकडूनच घ्यायच्या आणि घरी सांगायच्या नाहीत. तो मेथीची एक जुडी न मागता पिशवीत टाकायचा. म्हणजे सरांच्या पोटात इतकी वर्षं गजाननचीच मेथी जात होती.

अकराव्या वर्षी शाळेनं स्वतःचा वजनकाटा घेतला. त्या वर्षी प्रत्येक खेळाडूचं वजन एकदम दोन-दोन किलोंनी वाढलेलं निघालं. सरांनी याचं श्रेय शाळेतल्या खिचडीला दिलं.

सर निवृत्त झाले, मग मीही झालो. भावाकडून वाटणीचं शेत आलं आणि सरांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा कापूस विकायला काढला. इतकी वर्षं ते भाऊच बघायचा. पोती शेडवर न्यायच्या आधी सरांनी शाळेचा काटा उसना आणून घरीच मोजली, कारण सर ते सर. पोत्यांवर खडूनं आकडे घातले. मी सोबत गेलो होतो. सोपानभाऊ म्हातारा झाला होता, पण काटा त्याच्याकडेच होता. पहिलं पोतं चढलं, ओठ हलले, "चाळीस!"

"सोपानभाऊ, बेचाळीसचं हाय ते."

"हाव. कडता कापला."

"कायचा कडता?"

सोपानभाऊनं सरांकडे असं पाहिलं की जणू त्यांनी सूर्य कुठून उगवतो असं विचारलंय. "किलोभर बारदान्याचा, रिकाम्या पोत्याचा, आन् किलोभर ओलीचा. माह्या बापापासून कापतेत. तुमाले नाही ठाऊक?"

सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं. सरांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि सरांनी विचारलं नव्हतं. त्यांनी हातातला खडू खिशात ठेवला.

"आन् आपल्या पोरायचं?"

"कोन्त्या पोरायचं?"

"बॉक्सिंगच्या."

"त्यायचाबी कापत होतो ना." सोपानभाऊला प्रश्नाचा थोडा राग आला. "तुमचं काम फुकट करत होतो म्हणून हयगय नाही केली, सर. जसं पोत्याले, तसं पोट्ट्याले."

"माणसाले कायचा बारदाना, सोपानभाऊ?"

"चड्डी असते," सोपानभाऊ म्हणाला. थोडा विचार करून पुढे म्हणाला, "आन् घाम."

सर शेजारच्या पोत्यावर बसले. "सरायले ऊन लागलं काय?" सोपानभाऊनं मला विचारलं आणि पुढचं पोतं चढवायला सांगितलं.

पुढच्याच बाजाराला सर इस्त्रीचे कपडे घालून, शिट्टी अडकवून, सरळ भाजीच्या ओळीत शिरले. त्यांनी मला बरोबर घेतलं होतं, बहुधा पंच म्हणून. गजानन मेथीवर पाणी मारत होता. सरांनी उभ्यानंच सगळं सांगितलं, कडता, बारदाना, घाम. मग म्हणाले, "मार मले एक."

गजाननानं हात पुसले. "किती भरता सर तुमी?"

"एक्कावन."

"मी ऐंशीच्या पुढं गेलो. गटात नाही बसत." त्यानं पुन्हा मेथीवर पाणी मारलं. मग वर न बघता म्हणाला, "मले सांगून काय करता सर? मले तं ठाऊकच होतं मी खाल्लं नाही. माही माय मेली तवालोक इचारे, खरं सांग, बाहीर काई खाल्लं होतं काय. तिलेबी वाटे, उपाशी पोरगं कशाले खोटं बोलीन, पन काटा तं सरायचा."

सरांनी गळ्यातली शिट्टी काढून खिशात घातली.

"थापड चारचौघात मारली होती तुमी," गजानन म्हणाला. "सांगाचं तं तसंच सांगा." आणि त्यानं मेथीची जुडी उचलून सरांच्या हातात दिली. "काकू नेतेत ते हेच."

रौप्यमहोत्सव जवळ आला होता आणि स्मरणिका मी लिहीत होतो. सरांच्या सांगण्यावरून मी ती दोन पानं लिहिली. समितीत वाचली, सर शेजारीच बसले होते. भैयासाहेब वाईट माणूस नाही. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"सर, कडता म्हटलं का लोक बाबाच्या शेडकडं बोट दाखवतीन. कापसाचं कायले काढता बॉक्सिंगमंधी?"

"वजन चुकलं होतं."

"मंग पहिल्या दहा सालाचे सगळेच चुकीच्या गटात लढले ना? त्यायचे फोटो हायेत घरोघरी, हार घातलेले. जाऊन उतरवाचे काय?"

"पुस्तकात तसंच हाय," सर म्हणाले.

यावर समितीनं चहा मागवला. पानं घोड्याला गेली.

सरांनी वाद घातला नाही. पुढच्या बैठकीत त्यांनी एक साधी सूचना मांडली. भैयासाहेब स्पर्धेला आकडे दाखवणारा नवा काटा भेट देणार होते. त्याचं उद्घाटन नुसती फीत कापून न होता वजन करून व्हावं, आणि जुन्या सेवेचा मान म्हणून ते सोपानभाऊनं पुकारावं. भैयासाहेबांना हे फार आवडलं. फोटो चांगला येणार होता. हे सरांनी ठरवून केलं का, ते मी त्यांना कधी विचारलं नाही. पुस्तकात असलं काही नाही, एवढं नक्की.

कार्यक्रमाला अख्खा तालुका लोटला होता. मंचावर हार घातलेला काटा, त्याचे लाल आकडे लोकांकडे तोंड करून. सोपानभाऊला शाल-नारळ दिला. उद्घाटनाचं वजन आपलंच, असं धरून भैयासाहेबांनी एक बूट काढलाही होता. सर माइकजवळ गेले आणि म्हणाले, "गजानन, ये."

मागच्या रांगांतून तो उठला. "बट्टी चालला बे!" कुणीतरी ओरडलं. तो मंचावर आला, चपला काढल्या, काट्यावर चढला. छाती पुढे, हनुवटी वर, नजर मांडवाच्या कापडाकडे. सवय गेली नव्हती. समोर लाल आकड्यांत एक्याऐंशी उमटलं. सोपानभाऊ वाकला. क्षणभर ओठ हलले.

"एकोणऐंशी!"

मग पुढच्या रांगेतली एक बाई म्हणाली, "ओ बाबा, एक्याऐंशी हाय! दिसत नाही काय?"

"दिसते मले," सोपानभाऊ दुखावून म्हणाला. माइक जवळच होता. "कडता कापला."

पहिल्यांदा पोरं हसली. मग त्यांच्यामागे बसलेले कापूसवाले हसले, ते हसणं जरा वेगळं होतं. भैयासाहेब बूट परत घालत होते. हसणं ओसरेपर्यंत सर थांबले.

"त्याही दिवशी असंच मोजलं होतं," सर म्हणाले. "गजाननानं काईच खाल्लं नव्हतं. मी त्याले चारचौघात मारलं. चूक माही होती. चारचौघात सांगून राह्यलो."

भाषण संपलं. इतकं छोटं भाषण आमच्या तालुक्यात पूर्वी झालं नव्हतं, त्यामुळे टाळ्या वाजवायच्या की थांबायचं हे लोकांना कळेना. गजानन काट्यावरून उतरला नाही. हनुवटी वरच होती. काट्यावरचे आकडे तेवढे थरथरत होते. एक्याऐंशी, एक्याऐंशी पूर्णांक दोन, ऐंशी पूर्णांक नऊ.

"हालू नको बे," सोपानभाऊ म्हणाला.

पुढच्या आठवड्यात सर मुलीकडे लोणारला राहायला गेले, त्यामुळे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तिथे, मंचावरच्या टेबलाशी. त्यांनी जुनं रजिस्टर काढलं, चष्मा लावला, ते पान शोधलं. पट्टी ठेवून 'आहारात बेशिस्त' हे शब्द खोडले, सरळ रेषेत. मग त्याखाली नवी ओळ घातली आणि गजाननसमोर पेन धरलं. गजाननानं सही केली, सरांनी केली, साक्षीदार म्हणून मी केली. सही करताना मी ओळ वाचली. नाव गजानन, गट चोपन्न किलो, वजन एक्याऐंशी. शेऱ्याच्या रकान्यात सरांनी लिहिलं होतं, 'वजन जास्त. अपात्र.'